बाईने बाईला दिलेला हात: नोकरी-धंद्यातले अनुभव सांगा

मैत्रिणींनो, ठाणे आणि नवी मुंबईत नोकरी-धंदा करणाऱ्या आपण बऱ्याच जणी इथे आहोत. कामात पुढे जाताना एखाद्या बाईने तुमच्यासाठी नेमकं काय केलं, ते लिहा. 'खूप आधार दिला' एवढ्यावर थांबू नका. काय केलं ते कळलं, तर दुसरीलाही करता येईल.

सुरुवात मी करते. ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात रोज एक ताई भेटायच्या, माझ्याच क्षेत्रातल्या. माझी नव्या नोकरीची मुलाखत होती आणि पगार किती मागावा ते कळेना. पगार कुणी कुणाला सांगत नाही. रबाळे सुटलं तसा त्यांनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला, स्वतःचा आकडा टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. मग तो पुसून दुसरा टाकला. "तुझ्या अनुभवाला एवढा." मी मागणार होते त्याच्या दीडपट! घणसोली येईपर्यंत तो आकडा त्यांनी मला तीनदा मोठ्याने म्हणायला लावला. "म्हणून झालं की गप्प बसायचं. आपणच कमी करत बसायचं नाही." मिळाला थोडा कमी, पण माझ्या मनातल्यापेक्षा बराच जास्त.

कोपरखैरणे
ऑफिसात मला सांगितलं, बाळंतपणाची रजा तीन महिने, पुढची बिनपगारी. मी मान डोलावून जागेवर आले. शेजारच्या सीनियर मॅडमनी विचारलं, आणि संध्याकाळी प्रसूती लाभ कायद्यातली २०१७ ची दुरुस्ती छापून माझ्या हातात ठेवली. दोन अपत्यांपर्यंत २६ आठवडे पगारी रजा. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. २६ खाली त्यांनी पेनाने दोन रेघा मारल्या होत्या. त्यांच्या वेळी १२ आठवडेच होते. अंगावर पिणारं बाळ सासूबाईंकडे ठेवून त्या कामावर आल्या होत्या. पण 'आम्ही नाही का काढले दिवस' हा सूर त्यांच्या बोलण्यात कुठेच नव्हता. तो कागद दाखवल्यावर रजा मिळाली.

५० किंवा जास्त कर्मचारी असले तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता यायला हवं, हेही त्याच कागदात आहे. त्यासाठी आम्ही अकरा जणींनी सह्या करून अर्ज दिलाय. पाळणाघर अजून झालेलं नाही. पाठपुरावा सोडलेला नाही.

तुर्भे
मुलांमागे नऊ वर्षं घरी होते. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा हिशेबाचं काम करणाऱ्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आता सगळेच पहिलीत आहेत, तूही बस." रोज दुपारी त्यांच्याकडे टॅली शिकले. आज मार्केटातल्या पाच गाळ्यांची रिटर्न्स मी भरते. त्यातला पहिला गाळा वहिनींनी स्वतःच्या कामातून काढून दिलेला.

कळवा
मी नर्स आहे. सरकारी भरतीच्या परीक्षेआधी दोन महिने वॉर्डातल्या चौघींनी माझ्या नाइट वाटून घेतल्या. पहिल्यांदा मी नापास झाले. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. पुढच्या वेळी ड्यूटीच्या तक्त्यावर नाइटच्या रकान्यातलं माझं नाव कुणीतरी आधीच खोडून ठेवलेलं होतं.

नेरुळ
पहिला अनुभव वाचला म्हणून विचारते. परवा माझी मुलाखत आहे. सॉफ्टवेअर टेस्टिंग, पाच वर्षं. आकडा कुणी सांगेल का?

धागाकर्ती
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. त्यात माझा आकडा आहे आणि तू मागायचा तोही. आज तीनदा मोठ्याने म्हण.