नव्या गाडीला १५ वर्षांचा रस्ता कर एकदाच भरावा लागतो; तो १५ ने भागून वर्षाचा कर काढायचा, हा हिशोब ठीक आहे, पण 'कोटेशनमधला आरटीओचा आकडा घ्या आणि भागा' असं जे सांगतात ते पटलं नाही. मागच्या दिवाळीत भाच्याच्या गाडीचं कोटेशन बघितलं, तर 'आरटीओ' या एकाच ओळीत कराबरोबर ६०० रुपये नोंदणी शुल्क आणि कर्जाचा बोजा चढवायचे १५०० रुपयेही बसवलेले. विचारल्याशिवाय फोड कोण देतोय! टॅक्सची पावती वेगळी येते, आकडा तिथलाच धरा.

दुसरं म्हणजे आपल्या महाराष्ट्रातले या कराचे टप्पे आयकरासारखे नाहीत. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के, आणि वरचा दर लागला की तो अख्ख्या किमतीवर लागतो. ९ लाख ९० हजारांच्या गाडीला कर १,०८,९०० रुपये, १० लाख १० हजारांच्या गाडीला १,२१,२००. म्हणजे २० हजारांच्या वरच्या मॉडेलसाठी कराचेच १२,३०० जादा. वर्षाला साधारण ७,२६० विरुद्ध ८,०८०. डिझेलला दोन्हीकडे आणखी दोन टक्के धरा.

आणि १५ वर्षांनंतर गाडी फुकटात फिरत नाही हो. पेट्रोल कारला पाच वर्षांचा ३,००० रुपये पर्यावरण कर आहे, शिवाय फेरनोंदणीचे ५,००० वेगळे. जुनी गाडी घेणाऱ्यांनी भाव करताना हे आधीच वजा करावं.