चढावर गरम होताच बंद पडणारी मोटार

प्रश्न: पन्हाळ्याला जाताना वाघबीळ ओलांडले की माझी जुनी पेट्रोल मोटार बंद पडते आणि अर्ध्या तासाने निवल्यावर काहीच न घडल्यासारखी सुरू होते, तापमानाचा काटा मात्र मध्यावरच असतो. दोष कोठे शोधावा?

उत्तर: गाडी बंद पडताच तपासावे, कारण थंड इंजिनात हा दोष लपतो. स्टार्टर फिरवताना आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणारा) काटा शून्यावरच राहिला, तर प्रथम क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिनाचे फिरणे टिपणाऱ्या सेन्सरचा, संशय घ्यावा. त्यातील बारीक तारेचे वेटोळे तापल्यावर तुटते व निवल्यावर पुन्हा जुळते.

दुसरे उत्तर: आरपीएमचा काटा हलत असल्यास स्पार्क आणि पेट्रोलचा दाब पाहावा. तापमान मध्यावरच असल्याने उगाच रेडिएटर बदलू नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आरपीएमचा काटा हलत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सेन्सर तपासून घेतो.