माळा रिकामा करायचाय, सुरुवात कुठून?

प्रश्न: इंदूर, राजवाड्यामागचं जुनं घर. माळ्यावर पितळी भांडी, ट्रंकेत जरीच्या साड्या, शिवाय बंद मोबाइल आणि औषधं. सासूबाईंचं मन न दुखवता कमी कसं करावं?

उत्तर १: अख्खा माळा एकदम उतरवू नका. संध्याकाळपर्यंत सगळे दमतात नि पसारा होता तसा वर जातो. एका वेळी एकच ट्रंक, दीड तास, आणि काय ठेवायचं ते सासूबाईंनाच निवडू द्या. पितळेला चुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आहे, मुलामा फक्त वरून.

उत्तर २: साड्या किलोच्या भावात मुळीच देऊ नका! काठाची एक तार सुईने खरवडा. खाली तांबूस धातू दिसला तर तांब्याची जर, पांढरा दिसला तर चांदी असू शकते. मग सराफ्यात दाखवा. ठेवायच्या साड्या मलमलमध्ये गुंडाळा, दर तीन महिन्यांनी घडी बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, जर काळी पडते. डांबरगोळ्या तर जरीला टेकूच देऊ नका.

उत्तर ३: आपल्याकडे कचरागाडीत सहा प्रकार वेगळे घेतात. मोबाइल ई-कचऱ्यात, मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात. मोबाइलची बॅटरी फुगली असेल तर दाबू नका, टोचू नका, पेट घेते.

प्रश्नकर्ती: कागदपत्रांचं काय?

उत्तर १: घराचे कागद हलवू नका. विजेची भरलेली जुनी बिलं खुशाल रद्दीत, पण ग्राहक क्रमांक फाडून.