बाबांची आयलिओस्टॉमी आणि प्लेटलेट्स ५.६ लाख: काय बघायचं?

कऱ्हाडकर
नमस्कार. बाबा ६४ वर्षांचे. गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तात्पुरती आयलिओस्टॉमी झालीय (लहान आतडं पोटावर बाहेर काढून पिशवी लावलीय), घरी येऊन थोडेच दिवस झालेत. परवाच्या सीबीसी रक्ततपासणीत प्लेटलेट्स ५.६ लाख आल्या. रक्ताची गाठ होईल म्हणून आईनं धसका घेतलाय. पिशवी सारखी पातळ पाण्यानं भरते, म्हणून दर तासाला तांब्याभर पाणी देतोय. बीपी असल्यानं जेवण अळणीच. फॉलोअप पुढच्या आठवड्यात आहे.

मिरजेची ताई
दादा, माझी आयलिओस्टॉमी कायमची आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार). प्लेटलेट्सचा आकडा मीही असाच चढलेला पाहिलाय. मोठ्या ऑपरेशननंतर शरीरात सूज असते, तेव्हा यकृत थ्रोम्बोपोएटिन (प्लेटलेट्स वाढवणारं संप्रेरक) जास्त बनवतं आणि अस्थिमज्जा प्लेटलेट्स वाढवते. लोह कमी असलं तरी वाढतात, म्हणून फेरिटिन (लोहाचा साठा) तपासायचं का ते विचारा. एक प्लेटलेट ७ ते १० दिवस जगते, त्यामुळे आकडा एका रात्रीत उतरत नाही. पोटात टोचायची रक्त पातळ करणारी इंजेक्शनं दिली असतील तर एकही चुकवू नका. एकच पाय सुजला, दुखला किंवा धाप लागली तर थेट कॅज्युअल्टी.

पण मला खरी काळजी त्या तांब्याची वाटते. मोठं आतडं वगळलं गेलं की उरलेलं पाणी आणि मीठ शोषायची शेवटची जागाच जाते. नुसतं पाणी प्यायलं की लहान आतडं त्यात आपलं मीठ सोडतं, आणि दोन्ही पिशवीत येतं. जेवढं पाजाल तेवढी पिशवी भरेल, बाबा मात्र सुकत जातील. रक्त घट्ट होतं ते अशानं, किडनीवरही ताण येतो.

आज मापाच्या भांड्यात पिशवी रिकामी करा आणि २४ तासांची बेरीज लिहा. दीड लिटरच्या वर गेली तर फॉलोअपची वाट बघू नका. अळणी जेवण आणि बीपीच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणारी असेल तर, चालू ठेवायच्या का हे सर्जनला आजच विचारा. मऊ भात, केळं, साबुदाणा यांनी घट्टपणा येतो.

नर्सबाई, पुणे
ताईंशी सहमत. नुसत्या पाण्याऐवजी ओआरएस द्या: ओआरएसचं एका लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच, घोटघोट. शहाळ्यात सोडियम कमी, ते त्याची जागा घेत नाही. गोड टेट्रापॅकवर 'ओआरएस' छापायला एफएसएसएआयनं (अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केलीय, जुना माल दुकानात दिसला तरी घेऊ नका.

कऱ्हाडकर
मोजलं. १९०० मिली. लघवी दिवसात दोनदाच, गडद.

मिरजेची ताई
आत्ताच वॉर्डला फोन लावा आणि हे दोन्ही आकडे असेच सांगा. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), सोडियम आजच तपासून हवं, कदाचित सलाईनही लागेल. लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी) मनानं देऊ नका, आधी त्यांना बघू दे. निघताना एक जादा पिशवी आणि कात्री सोबत घ्या.