मदत हवी आहे: मातीवर हॉकी खेळलेल्या पोराला टर्फची (कृत्रिम गवताच्या मैदानाची) सवय कशी लावू?

नमस्कार मंडळी. माझा पुतण्या १६ वर्षांचा, पुण्यातल्या खडकीतला. भारताचे माजी हॉकी कर्णधार धनराज पिल्लेंची खडकी, त्यामुळे घरात हॉकी पहिल्यापासून. एका व्यावसायिक संघाच्या उन्हाळी शिबिरासाठी त्याची निवड झालीय. पाच आठवडे उरलेत.

अडचण अशी की तो आजवर मातीवरच खेळलाय. मातीवर चेंडू उसळतो, म्हणून आधी थांबवायचा आणि मग पास द्यायचा, ही सवय हाडात भिनलीय. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू सपाट, सुसाट येतो. खाली वाकून पहिल्याच स्पर्शात वळवावा लागतो. रविवारी पिंपरीत नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर सराव बघायला नेलं, तर परतताना पोरगं अख्खा रस्ता गप्प. मला ते फार लागलं.

तिथे बाहेरच्या मुलांना आठवड्यातून दोन-तीन दिवस सराव करू देतात का? कोणाला भेटावं? टर्फचे बूट वापरलेले घेतले तर चालतील? वाकून खेळताना त्याची कंबर धरते, त्यासाठी रोज काय व्यायाम द्यावा?

तो बचावफळीत खेळतो, पण डोक्यात फक्त ड्रॅग फ्लिक (पेनल्टी कॉर्नरला चेंडू स्टिकने ओढत गोलात भिरकावणं). माझ्या मते आधी रिसिव्हिंग, म्हणजे आलेला पास घेणं, पक्कं व्हायला हवं. ज्यांची मुलं क्रीडा प्रबोधिनीत (राज्य सरकारच्या क्रीडा प्रशिक्षण केंद्रात) खेळलीत, त्यांनी कृपया सांगा.