गोल्डफिशवर पांढरे ठिपके : निळं औषध टाकू का?

रामबागची टाकी
टाकी २४×१२×१२ इंच, स्पंज फिल्टर, चार गोल्डफिश. त्यातला एक दहा दिवसांपूर्वी आणलेला. रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून धुतली, स्पंजही नळाखाली चांगला पिळून काढला, नळाला येणारं नर्मदेचं ताजं पाणी भरलं. अँटीक्लोरिन टाकलं होतं. आता दोघांच्या शेपटीवर मिठाच्या कणांसारखे ठिपके आहेत आणि एक जण स्पंजवर अंग घासतोय. तिसऱ्याच्या फक्त कल्ल्यांच्या झाकणावर ठिपके दिसतात, पण तो मजेत खातोय. हीटर नाही. दुकानदार म्हणतो निळं औषध (मिथिलीन ब्लू) टाका.

कल्लेदार
तिसऱ्याला काही झालेलं नाही, तो नर आहे. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पुढच्या काडीवर असे दाणे येतात. एकसारखे, ओळीत, फक्त तेवढ्याच जागी. टॉर्च तिरका धरून बघा. इकचे (परजीवीमुळे होणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे) ठिपके अंगावर, शेपटीवर, कुठेही विखुरलेले असतात, रोज वाढतात आणि मासा पर मिटून बसतो. बाकी दोघांना इकच आहे. टॉर्चमध्ये सोनेरी पूड भुरभुरल्यासारखी दिसली तर मात्र तो वेल्वेट, वेगळा रोग.

मीठमोजणी
निळं औषध मुख्य टाकीत नको. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे फिल्टरमधले उरलेसुरले जिवाणू मरतील, सिलिकॉन कायमचं निळं होईल ते वेगळंच.

तुमच्या टाकीत खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण ४५ लिटर पाणी. लिटरला २ ग्रॅमप्रमाणे ९० ग्रॅम जाडं मीठ. एकदम ओतायचं नाही. ३०-३० ग्रॅम मगात विरघळवून, बारा-बारा तासांनी. झाडं असतील तर आधी काढा. पुढे १० लिटर पाणी बदललं की नव्या पाण्यात २० ग्रॅमच घालायचं, परत ९० नाही. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरताना मीठ अजिबात नाही, कारण मीठ उडत नाही. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

थर्मोस्टॅटवाला १०० वॅटचा हीटर लावा. तापमान रोज थोडं थोडं वाढवत २८ अंशांपर्यंत न्या. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून एअरपंप रात्रीही चालू. पाणी बदलण्याआधी हीटरचा प्लग काढायचा, उघडा पडला की काच तडकते.

रामबागची टाकी
पाचव्या दिवशी सगळे ठिपके गेले. पाणी बदलून मीठ काढू?

कल्लेदार
थांबा! ठिपका गेला म्हणजे परजीवी मेला नाही, गळून खडीत बसला. तिथे तो कवचात फुटून शेकडो पिल्लं सोडतो. माशाच्या कातडीखाली असताना आणि कवचात असताना त्याला मीठही लागत नाही, औषधही नाही. मरतात ती फक्त पोहणारी पिल्लं. उष्णतेने हे चक्र काही दिवसांत उरकतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळतं. म्हणून एकूण १४ दिवस मीठ ठेवा, एक दिवसाआड खडी सायफनने ओढा.

मीठमोजणी
परजीवी नव्या माशाबरोबर आला असणार. पुढच्या वेळी नवा मासा तीन आठवडे वेगळ्या टबात, वेगळी जाळी. पण इतक्या लवकर पसरला त्याचं कारण रविवारची धुलाई. नळाच्या क्लोरिनने स्पंजमधले जिवाणू मेले, अमोनिया चढला, वर थंड पाण्याचा झटका. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा, बस. पाणी आठवड्याला पाव टाकी, त्याच तापमानाचं. नळ एक दिवसाआड येतो म्हणून भरून ठेवलेला ड्रम असतोच. त्यातलं पाणी खोलीत आणून मगच टाकीत घाला. आणि उपचार चालू असेतो खाणं निम्मं. अमोनियाची चाचणी शून्य दाखवेपर्यंत तरी.