असीलच्या पिल्लांना उभा तुरा निघालाय, जोडी शुद्ध नाही का?

सेलूचा_असील:
नमस्कार मंडळी. मागच्या फाल्गुनात बाजारातून असील जातीच्या कोंबडा-कोंबडीची जोडी आणली, पिला रंग, कोंबडा साडेतीन किलोचा, मान उंच, छाती रुंद, चाल बघत राहावी अशी. तलंग (तरणी कोंबडी) पण चांगली हाय. आणल्या आणल्या तलंगीनं अंडी द्यायला सुरुवात केली म्हणून पहिली १३ अंडी घरच्या खुडूक गावरान कोंबडीखाली बसवली, ११ पिल्लं निघाली, सगळी जगली. आता चार महिन्यांची झालीत अन् त्यातल्या तिघांना गावरान कोंबड्यासारखा उभा करवतीवाणी तुरा आलाय! बाकी आठजणांचा आईबापासारखा बसका हाय. विकणारा तर शपथा घेऊन शुद्ध म्हणला होता. मला हा कोंबडा यंदा माळेगावच्या यात्रेत कुक्कुट प्रदर्शनाला न्यायचा हाय, लई दिवसांची इच्छा हाय माझी. रात्री झोप येईना. जोडीत भेसळ हाय का? अन् कोंबडा न्यावा का नको? वरून आठ दिवसांपासून त्याची पिसं गळायलेत, शेपटी निम्मी राहिली, हे काय आजाराचं लक्षण हाय का?

माळावरचा_लोहा:
दादा, पिसं गळायलेत त्याचं काहीच टेन्शन घेऊ नको, पावसाळ्यात जुनी पिसं टाकून नवी घेतो पक्षी, दरवर्षीचं हाय ते. कोंबडा खायला-प्यायला नीट असला, शी चांगली असली तर आजार नाही. उलट तुझं नशीब म्हण, दोन-तीन महिने लागतात पूर्ण पिसारा भरायला, म्हणजे यात्रेच्या वेळेला मार्गशीर्षात अंगावर कोरी करकरीत पिसं असतील. फक्त या दिवसांत खुराकात हात आखडता घेऊ नको, पीस म्हणजे जवळपास सगळं प्रोटीनच असतंय, नुसत्या ज्वारीवर ते भरत नाही. शेंगदाणा पेंड, सोयाबीन पेंड, थोडी सुकट, अझोला (पाण्यावर वाढणारं हिरवं खाद्य) असंल तर ते दे. अन् या दिवसांत उगी धरू नको, नव्या पिसाच्या देठात रक्त असतंय, मोडलं की दुखतंय त्याला.

तुऱ्याचं सांगतो. असीलचा तुरा छोटा, बसका, तीन ओळींच्या दाण्यांचा असतो, वाटाण्यासारखा. हा बसका तुरा उभ्याला दाबतो. म्हणजे भेसळीच्या पक्ष्यातसुद्धा वरून बसकाच दिसतो, जरा उंच वाटतो एवढंच, अन् उभा आत लपून राहतो. पिल्लाला उभा तुरा यायला आईकडनं पण उभा अन् बापाकडनं पण उभा मिळावा लागतो. दोघांतही उभा लपला असला की साधारण चारात एकाला उभा येतो, ११ मधी तीन, हा पावपट हिशोब बरोबर बसतोय. म्हणून मला तर दोघांतही भेसळ वाटायलीय. वाईट वाटून घेऊ नको, मी पण पहिले तीन वर्षं असंच फसलो.

कळंबची_कडकनाथवाली:
भाऊ एक बघा, कोंबड्याचा तुरा कापलेला तर नाही ना? असील झुंजीची जात, झुंजीवाले लोक लहानपणीच तुरा कापून टाकतात, मग उभा होता का बसका काही कळत नाही. उजेडात नेऊन बोटानं चाचपा, दाणे हाताला लागतात का सपाट जखमेचा वण हाय. आणि झुंजीच्या पक्ष्याच्या नादात पडू नका, १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात झुंज लावणं गुन्हाच हाय, आणि इतकं राजबिंडं जनावर जखमी करायचं म्हणजे पाप.

माझ्याकडं कडकनाथ (काळ्या कोंबड्यांची जात) हाय, तिथंबी हेच भेसळीचं दुखणं. २०१८ ला झाबुआच्या कडकनाथला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तवापासून नुसतं काळं पीस दिसलं की कडकनाथ म्हणून विकायलेत. मी पिसाकडं बघतच नाही, तोंड उघडते, जीभ अन् तोंडाचं आतलं पण काळसर पाहिजे. आणि "काळं अंडं" म्हणून कुणी दाखवलं तर सरळ घरी या, कडकनाथचं अंडं फिकट बदामी असतंय.

उदगीर_पशुवैद्यक:
मी पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे. लोह्याच्या काकांचा हिशोब बरोबर आहे पण एक गोष्ट सुटली. सेलूच्या दादानं "आणल्या आणल्या" अंडी बसवली म्हणलंय. कोंबडीच्या अंगात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणजे त्या १३ अंड्यांतली काही आधीच्या मालकाकडच्या दुसऱ्या कोंबड्याची असू शकतात! त्यामुळं तलंगीत उभा तुरा लपलाय हे पक्कं, कारण पिल्लाला एक वाटा आईकडनंच आला. कोंबड्यावरचा आरोप मात्र अजून सिद्ध नाही.

तपासायचा सोपा मार्ग आहे. उभ्या तुऱ्याची गावरान कोंबडी घ्या, सगळ्या कोंबड्यांपासून तीन आठवडे एकटी ठेवा, मग फक्त या कोंबड्याजवळ सोडा आणि आठवडाभरानं अंडी गोळा करायला लागा. कोंबड्यात उभा लपला असंल तर निम्म्या पिल्लांना उभा तुरा येईल. आठ-दहा पिल्लं सगळी बसक्या तुऱ्याची निघाली तर तुऱ्यापुरता कोंबडा स्वच्छ समजा. तीन आठवड्यांच्या पिल्लात फरक नीट दिसतो. तुरा म्हणजे सगळी शुद्धता नाही हेही ध्यानात ठेवा, हाड, उभं राहणं, घट्ट पिसं, जाड आखूड चोच हे पण बघावंच लागतं.

यात्रेचं पण सांगतो, जंत आधी पाडा, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस जायच्या किमान तीन आठवडे आधी द्या, जाताना देऊन उपयोग नाही, ताकद यायला वेळ लागतो.

कळंबची_कडकनाथवाली:
हे डॉक्टर बोलले ते पाटीवर लिहून ठेवा. दोन वर्षांखाली मी एका मेळ्यातून कोंबडा परत आणून तसाच खुराड्यात सोडला, आठ दिवसांत मान वाकडी होऊन १७ कोंबड्या गेल्या. पोरी रडल्या माझ्या. आता बाहेरून आलेला पक्षी २१ दिवस वेगळ्या शेडमधी, त्याचं दाणापाणी सगळ्यात शेवटी, अन् चपला पण वेगळ्या.

माळावरचा_लोहा:
डॉक्टर बरोबर बोलला, माझं बीजाचं ध्यानात आलं नाही. सेलूच्या दादा, कोंबडा बिनधास्त आण. आत्तापासून रोज थोडा वेळ पिंजऱ्यात उभं राहायची सवय लाव, अनोळखी माणसांत बुजला की मान आखडून बसतो अन् मग त्याचा रुबाब कुणाला दिसणार. जायच्या दोन दिवस आधी सौम्य शाम्पूनं कोमट पाण्यात धू, उन्हात कोरडा कर, पायाला अन् तुऱ्याला थेंबभर खोबरेल. पायाचे खवले उचललेले असले तर ती खरूज हाय, तिचा इलाज आत्ताच करून घे.

सेलूचा_असील:
सगळ्यांचे लई लई आभार. आत्ताच बॅटरी लावून तुरा चाचपला, तीन ओळी नीट लागल्या हाताला, वण नाही! आईच्या माहेराहून उभ्या तुऱ्याची गावरान कोंबडी उद्या आणायलोय, खुराड्यामागं तिला वेगळं जाळीचं करतो. तीन उभ्या तुऱ्याची पिल्लं घरी अंड्यामासाला ठेवतो, पैदाशीला वापरणार नाही. बाकीच्या आठातली तलंग ठेवावी का डॉक्टर?

उदगीर_पशुवैद्यक:
सध्या नको. त्यांच्यातही निम्म्यापेक्षा जास्त जणींत उभा लपलेला असायची शक्यता आहे, शिवाय बापाचा पत्ता नाही. कोंबड्याची परीक्षा होऊ द्या, मग त्याला दुसऱ्या घरची तपासलेली तलंग बघू. पायात नंबरची रिंग आजच घाला आणि वहीत तारीख लिहा.